हत्ती तान्ह्याहून हलका

दवाखान्याच्या पडद्यावर बाळांची वजनं जड ते हलकं अशी लागली आणि बायकांनी टाळ्याच पिटल्या. वरची पाचही बाळं तेलबाबांचं तेल लावलेली!

"यंत्र बोलतंय, मी नाही," बाबा बाकावर मांडी ठोकून म्हणाले. "माझं तेल लागलं की बाळ वर सरकलंच!"

माझी छकुली गेल्या खेपेला पहिली होती. आज तळाशी.

"तेलाबरोबर डॉक्टरचं औषधही पाजलंस ना?" बाबांनी नेम धरला. "ते बंद कर!"

ते औषध छकुलीच्या झटक्यांवरचं. एक दिवस चुकलं तेव्हा तिचे डोळे फिरलेले मी पाहिलेत. सासूबाईंनी मात्र बाटली आपल्या पिशवीत कोंबली. "बाबा म्हणतात तसंच होईल."

माझी नजर पडद्यावरून हलेना. सगळ्यात वर ९.८. तळाशी छकुली, १०.१. गेल्या खेपेला ती ९.९ होती. वजन वाढलं आणि पोर घसरली?

"सिस्टर, यादीत एक हत्ती भरा. चार हजार किलोचा."

"काहीतरीच तुमचं!" म्हणत सिस्टरने भरला. हत्ती पाच किलोच्या तान्ह्याच्याही खाली जाऊन बसला.

"बाबा, हत्तीला तेल कमी पडलं वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"त्याची श्रद्धा नव्हती," बाबा पुटपुटले.

"श्रद्धा कसली! वजनाचा रकाना आकड्यांचा हवा, तो अक्षरांचा ठेवलाय," मी म्हटलं. "मग संगणक शब्दकोशासारखा आधी डावीकडचा पहिला अंक बघतो. नवापुढे दहातला एक खालीच जाणार. म्हणून हे बाबा नऊ किलोचीच बाळं निवडतात. बाळ दहावर गेलं की दोष औषधाचा!"

सिस्टरने रकान्याचा प्रकार बदलला. हत्ती पहिला आला, त्यामागे अकरा-दहा किलोची बाळं, त्यांत छकुली. बाबांची पाचही त्यांच्या खाली.

बाबा चपला शोधू लागले.

"बायांनो, पडद्यावर दिसलं म्हणून मान डोलवू नका, बाबा म्हणाला म्हणून तर मुळीच नको. नऊ मोठे की दहा, एवढं तरी स्वतःला विचारा. माझ्या लेकीचं औषध बंद होणार नाही. ज्याला अडवायचंय त्यानं पुढे यावं!"

मी सासूबाईंपुढे हात पसरला आणि तसाच ठेवला. त्यांनी पिशवीतून बाटली काढून दिली.