ज्याचं त्यानं मागावं

साहेब गेले तेव्हा कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर त्यांच्या नावावर होते, आणि बघता बघता ते त्यांच्या बहिणीच्या नावावर जाऊन बसले. यात चोरी नाही की लबाडी नाही. लग्नाआधी कधीतरी त्यांनी नॉमिनी म्हणून बहिणीचं नाव दिलं होतं, ते बदलायचं राहून गेलं. कारखान्यातल्या कुठल्या मशीनला तेल कधी घालायचं हे ज्याला तोंडपाठ, त्याला घरातली एवढी गोष्ट सुचू नये, याला काय म्हणावं? त्यांच्या बायकोनं कपाळाला हात लावला.

वकिलांनी तिला धीर दिला, पण वकिलाचाच धीर तो, त्याला शेपूट असायचंच. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, नुसता राखणदार, ते म्हणाले. खरे वारस तुम्ही आणि तुमची मुलगी. तिला जरा बरं वाटलं. मग शेपूट आलं. राखणदारानं आपणहून सही करून दिलं नाही तर कोर्टात जावं लागेल, तिथं तुम्ही जिंकालच, फक्त तोवर मुलीला नातवंडं झालेली असतील. आणि तोवर सभेत मत कोणी द्यायचं? ज्याच्या नावावर शेअर, त्यानं.

सभा शुक्रवारी होती. साहेबांच्या भागीदाराला कंपनी विकून मोकळं व्हायचं होतं. साहेबांनी मात्र लेकीला हाताशी धरून सगळं काम शिकवलं होतं, ती रोज सकाळी कारखान्यात जाऊन बापाच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसत होती. आत्यानं भागीदाराच्या बाजूनं हात वर केला की पोरीच्या दोन्ही खुर्च्या गेल्या.

भागीदाराला ऑफिसात सगळे साखरकाका म्हणत. जिभेवर एवढी साखर की नोकरीवरून काढलेला माणूससुद्धा आभार मानून जायचा. ड्रायव्हरनं येऊन सांगितलं, साखरकाकांची गाडी ताईंच्या, म्हणजे साहेबांच्या बहिणीच्या, लॉन्ड्रीसमोर दोनदा दिसली. तेव्हापासून साहेबांच्या बायकोनं फोन वाजला की दचकायचं आणि नाही वाजला की जास्तच दचकायचं, असं चाललं होतं.

मग सरळ विचारायचं ना नणंदेला? इथंच तर घोडं पेंड खात होतं. नवऱ्याचं होतं ते, आणि पदर पसरायचा नणंदेपुढे? ताईंनी आपणहून आणून द्यायला नको? दोघींचं कधी भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. भाऊ एवढा मोठा झाला तरी ताईंनी हातातली इस्त्री खाली ठेवली नाही, त्याच्या पैशाला शिवल्या नाहीत. अशी बाई आता गप्प का? माणूस फिरायला काय लागतं, ती मनाशी म्हणे, आणि असं म्हटल्याची लगेच तिची तिलाच लाज वाटे.

गुरुवारी दुपारी मात्र तिच्यानं राहवेना. वकिलांनी तयार केलेला, शेअर आणि सभेतलं मत दोन्ही वारसांकडे सोपवणारा कागद पर्समध्ये घालून ती लॉन्ड्रीत गेली.

दुकान वाफेनं भरलं होतं. छतापासून कपडे लोंबत होते, प्रत्येकाला टाचणीनं लावलेली चिठ्ठी. एक बाई नवऱ्याचा सूट न्यायला आली होती आणि चिठ्ठी विसरली होती. ताईंनी तिला गोड शब्दांत परत पाठवलं. ज्यानं टाकलाय त्याला येऊ द्या, त्या म्हणाल्या, मी दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही. ते ऐकून हिच्या मनात आलं, नवऱ्याचा सूट बायकोला मिळत नाही, तिथं शेअर कुठले मिळायला?

ताईंनी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. इकडचं तिकडचं झालं. पाठ करून आलेली वाक्यं काही तिच्या ओठांवर येईनात. मग ताईंनीच विषय काढला. तो साखऱ्या याच स्टुलावर बसून गेला, त्या म्हणाल्या, दोनदा. त्याला सांगितलं, ज्याचं आहे तो मागायला येईल तेव्हा बघू.

"ज्याचं आहे तो?" तिनं विचारलं. तिला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो.

ताई शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत राहिल्या. "लहानपणी खेळायला जाताना चष्मा माझ्याकडे द्यायचा. धर म्हणायचा आणि पळायचा. एकदा त्याचा मित्र मागायला आला, मी दिला, तो चष्मा गेला तो गेलाच. मार मी खाल्ला. तेव्हा आमचं ठरलं, त्यानं स्वतः येऊन मागितल्याशिवाय द्यायचं नाही. कितीही उशीर झाला तरी तो यायचाच मागायला."

मागच्या रांगेत, अगदी भिंतीशी, साहेबांचा राखाडी कोट टांगलेला होता. शेवटच्या आठवड्यात धुवायला टाकलेला. चिठ्ठी तशीच होती. कोटाकडे बघता बघता तिची भीती विरघळली आणि तिच्या जागी निव्वळ दुःख आलं. इतके दिवस भीतीपायी तिला नीट रडताही आलं नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "मी मागायला आलेय. मला द्या. ते आता यायचे नाहीत."

ताईंनी इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं. बराच वेळ त्या कॉलरवरून नुसता हात फिरवत राहिल्या.

"हे मला कोणी सांगितलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "सगळे येऊन नुसतं शेअरचं बोलले."

मग त्यांनी ओले हात पुसले, हिनं पर्समधून काढलेला कागद पुढे ओढला आणि हिनं दाखवलं तिथं सही केली, न वाचता. सही झाल्यावर काठी घेऊन मागे गेल्या, कोट उतरवला, टाचणी काढून चिठ्ठी आपल्या मुठीत ठेवली.

"धर," त्या म्हणाल्या.

तिनं कोट हातात घेतला. ताईंनी बाही सोडली नव्हती, आणि तिनंही ओढली नाही.