दशावताराचा तक्ता

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एरवी बस, गणवेश आणि सुट्ट्या यांपलीकडे फारसं काही नसतं. त्या दिवशी मात्र हर्षवर्धन नावाच्या एका पालकांनी लिहिलं, ‘मुलगी घरी येऊन म्हणते, आपण आणि माकडं एकाच वंशातले. हे शिकायला पाठवतो का आम्ही?’ झालं! दुपारपर्यंत ग्रुपवर नुसता धुरळा उडाला, आणि शाळा सुटायच्या आत रंजनाबाईंना मुख्याध्यापिका उषा मॅडमचं बोलावणं आलं.

रंजनाबाई अंबरपेठेतल्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवत. उत्क्रांतीचा भाग दहावीच्या पुस्तकातून काही वर्षांपूर्वी वगळला गेला, तरी त्या दर वर्षी कुठून तरी दोन तास काढून तो शिकवायच्याच. अकरावीत कुणी कॉमर्सला जाणार, कुणी इंजिनिअरिंगच्या मागे धावणार. सजीव सृष्टी कशी घडत आली, हे त्या मुलांना पुन्हा कोण सांगणार? त्या दोन तासांवर बाईंचा भारी जीव. पण भांडण म्हटलं, की त्या चार पावलं मागे सरायच्या.

पालकसभेत हर्षवर्धन तावातावाने बोलले. “मॅडम, साधा मोबाइल बनवायचा तर कंपनी लागते, इंजिनिअर लागतो. मग एवढा माणूस काय आपोआप झाला? कुणीतरी बुद्धी चालवून घडवलाच असणार. तीही बाजू शिकवा की!”

विज्ञानात बाजू मतं मोजून ठरत नाही, पुरावे बघून ठरते, हे उत्तर बाईंच्या अगदी ओठांवर होतं. पण शेजारी बसलेल्या उषा मॅडम हळूच म्हणाल्या, “रंजना, वाद नको गं. काहीतरी मधला मार्ग काढ.” बाईंनी मान डोलावली.

आणि मधला मार्ग त्यांना दशावतारात सापडलासुद्धा! मत्स्य पाण्यातला, कूर्म पाण्यात आणि जमिनीवर, वराह जमिनीवरचा, नरसिंह अर्धा पशू अर्धा माणूस, मग वामन, मग पुढची सगळी माणसं. वर्गात मोठा रंगीत तक्ता लागला. डावीकडे अवतार, उजवीकडे जीवाश्म, मधे बाण. पालक बेहद्द खूश झाले. हर्षवर्धननी तर ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांगच लावली. आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं म्हटलं, की आपल्याला किती बरं वाटतं! मग पुढचं कुणी विचारतच नाही.

विचारलं ते सबीहाने. पहिल्या बाकावरची ही मुलगी प्रश्न विचारून बाईंना भंडावून सोडायची, आणि बाईंची लाडकीही तीच. तास संपल्यावर ती तक्त्यापाशी थांबली. “मॅम, ये तो आप लोगों के घर का है ना? हमारे वास्ते कौनसा है?”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आपण कुठल्या रांगेत उभं राहायचं, एवढंच जणू तिला विचारायचं होतं. “अगं, ते नुसतं उदाहरण आहे,” असं काहीतरी पुटपुटून रंजनाबाई तिथून सटकल्या.

तारनाक्याला घरी आल्यावर त्यांनी सासऱ्यांना तक्त्याची गोष्ट सांगितली. हणमंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले, पूजा झाल्याशिवाय चहाही न घेणारे. ते तरी पाठ थोपटतील, अशी बाईंना आशा होती. म्हातारबुवांनी चष्मा काढून ठेवला.

“काय करायलीस हे, रंजना? माझ्या देवाला साक्षीदार करून उभं केलीस?”

“बाबा, वाद मिटला ना!”

“कुठं मिटला? भक्त हाक मारतो, म्हणून देव धावून येतो. अवतार आहे तो. माशाचं पुढं काय झालं, ते सांगायला नाही आला. उद्या तुझ्या शास्त्राला नवीन काही सापडलं, तर ते बदलणार. बदलायलाच पाहिजे त्यानं. मंग माझा देव पण खोडून पुन्हा लिहायलीस काय? आणि ती पोरगी बरोबर विचारली की. जे सगळ्या लेकरांचं होतं, ते तू एका घरचं करून टाकलीस.”

“मग मी काय करायला हवं होतं? भांडत बसायचं?” बाईंचा आवाज चढला.

“हौ. थोडं भांडायचं होतं,” हणमंतराव शांतपणे म्हणाले. “देवाला मी सांभाळतो गं, त्याची फिकीर नक्को. शाळेत तुला शास्त्र सांभाळायला ठेवलेत.”

बाईंना रडू कोसळलं. बोल लागले ते खरे होते म्हणूनच लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्ता उतरवला आणि तडक उषा मॅडमच्या खोलीत गेल्या. “मला दोन तास द्या. मी सरळ विज्ञान शिकवते, त्यात कुणाचंच पुराण नको. पालकांना मी उत्तर देईन.”

उषा मॅडमनी फोन पुढे केला. एका पालकांना आता आपल्या धर्मग्रंथातली उत्पत्ती शिकवायला हवी होती. दुसऱ्यांना आपल्या. तिसऱ्यांनी वरपर्यंत तक्रार नेण्याची धमकी दिली होती.

“एकाचं भिंतीवर लावलं, आता दुसऱ्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणू?” मॅडम थकून म्हणाल्या. “पुस्तकात नाही, बोर्डात विचारत नाहीत. विषयच बंद. ते तास उजळणीला दे.”

“मॅडम, अहो, मग या मुलांना हे कधीच—”

“मला शाळा चालवायची आहे, रंजना.”

रंजनाबाईंनी लेखी विनंती केली, सहकाऱ्यांना गाठलं, हर्षवर्धनना फोन लावला. सगळे गोड बोलले, हललं कुणीच नाही. पहिल्या सभेत दोन वाक्यं ठणकावून सांगितली असती, तर कदाचित निभावलं असतं. आता सांगायला निघाल्या, तर ऐकायला कुणी उरलं नव्हतं!

उजळणीच्या तासानंतर त्यांनी सबीहाला थांबवलं. “बेटा, त्या दिवशी माझं चुकलं. उत्क्रांतीचं शास्त्र तुझंही आहे. तुझं, माझं, सगळ्यांचं एकच आहे. बैस, मी सांगते.”

सबीहाने दप्तर खांद्याला लावलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

“रहने दो मॅम,” ती अदबीने म्हणाली. “अब्बा बोले, उसमें अपना कुछ नहीं है.”

एरवी घंटा झाली तरी न हलणारी ती पोर निघून गेली.

वाचकहो, या गोष्टीत दुष्ट माणूस शोधू नका, सापडणार नाही. सगळ्यांना शांतताच हवी होती. श्रद्धा घराघरांत निराळ्या असतात, त्या खुशाल असोत. देव्हाऱ्यात त्यांचा मान आहेच. पण शाळेत जे सत्य सगळ्या मुलांच्या मालकीचं असतं, ते कुणाला खूश करण्यासाठी एकाच्या नावावर करून देऊ नका. तसं केलं, की बाकीची मुलं भांडत नाहीत. ती मुकाट्याने प्रश्न विचारायचं थांबवतात.