पारा उणे आठवर होता

मुकादमाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि त्याला तो शब्द पुरवायचा ऑफिसच्या खिडकीबाहेरचा थर्मामीटर. पारा उणे दहाच्या खाली गेला तरच विजेच्या मनोऱ्यांवरचं काम बंद, असा नियम होता. त्या सकाळी उणे आठ होतं. त्याने टेकडीवर माणसं चढवली. भावाला सवलत दिली असं कोणी म्हणू नये म्हणून सख्ख्या धाकट्या भावाला तो नेहमी सगळ्यांत उंच मनोऱ्यावर धाडायचा. याला तो न्याय म्हणे. आता काय बोलावं!

अकराच्या सुमारास धाकट्याने वॉकीटॉकीवरून विचारलं, वारा उभं राहू देत नाही, बारीक नट बसवायला हातमोजे काढावे लागतात, बोटं भयंकर ठणकतायत, तर उतरू का? मुकादमाने खिडकीतून पाहिलं. उणे आठच. थंडीत थोडं ठणकायचंच, हातातलं उरकूनच ये, असं त्याने सांगून टाकलं.

तरी मन खात होतं, म्हणून अर्ध्या तासाने त्यानेच चौकशी केली.

"आता काही दुखत नाही, दादा."

मुकादमाचा जीव भांड्यात पडला. त्याने निवांत चहा ठेवला.

धाकटा उतरला तो शिडीच्या दांड्यांना मनगटं अडकवत. बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती आणि मिटत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा वारा किती होता ते विचारलं. मुकादम पारा सांगू लागला. बाई म्हणाल्या, पाऱ्याला वारा कळत नाही. अंगाभोवतीची ऊब वारा ओरबाडून नेतो. तसल्या सोसाट्यात उणे आठ म्हणजे उघड्या कातडीला उणे वीस, त्यात हातात थंडगार लोखंड. दुखायचं थांबलं तेव्हाच बोटं हातची जायला लागली होती.

उजव्या हाताची चार बोटं काढावी लागली. माझाच हलगर्जीपणा, असं धाकट्याने बायकोला सांगितलं होतं. घरी आल्यावर ती त्याला सदरा घालताना त्यावरूनच बोलत होती. दाराशी उभ्या मुकादमाला ते ऐकवेना.

"त्याने उतरू का विचारलं होतं," तो म्हणाला. "मी नको म्हणालो."

तिचा हात बटणावर थांबला. मग ती बाजूला झाली.

"उरलेली तुम्ही लावा," ती म्हणाली. "रोज येऊन लावा."

मुकादम पुढे आला. बटण हातात घेतलं, पण त्याला ते काजात घालता येईना. धाकट्याने हनुवटी वर केली, शाळेत जाताना दादापुढे करायचा तशी.