हिरव्या पाण्यावरचा दिवा

जसूर मॉस्कोहून शवपेटीतून मर्गिलानला घरी आला, त्याच दिवशी त्याच्या आईने, ओयदिनने, त्याच्या खोलीतला विजेचा दिवा लावला. मेलेल्याचा जीव चाळीस दिवस घरी येत-जात असतो, तोवर दिवा विझू द्यायचा नाही. हा दिवा नेमका माशांच्या टाकीवर होता. टाकी दोन माणसं लावूनही हलायची नाही एवढी मोठी, आणि तिच्यात जसूरचे पाच गोल्डफिश.

शाळेत असल्यापासून त्याने ते पाळले होते. मॉस्कोतल्या बांधकामावरून फोन केला की आईची दोन मिनिटं, बायकोची पाच, आणि उरलेला सगळा वेळ माशांचा. ओयदिनला याचा भारी राग यायचा. आता रागवायलाही कोणी उरलं नव्हतं.

आठवड्याभरात पाणी हिरवट झालं आणि विसाव्या दिवशी पालक उकडल्यासारखं दाट. सून नफिसा दिवसाआड निम्मं पाणी उपसायची, बादलीत मुरवलेलं ताजं भरायची. काचेवरचं शेवाळ खरवडून तिची नखं हिरवी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

"ओयिजान," आईला हाक मारावी तशी ती सासूला म्हणाली, "चार दिवस दिवा बंद ठेवूया का? शेवाळ उजेडावरच पोसतंय. मागे झालं होतं तेव्हा ह्यांनीच फोनवर सांगितलं होतं. अंधार करायचा, फक्त हवेचा पंप चालू ठेवायचा."

"तेव्हा तो जिवंत होता."

"मग दिवा राहू दे. टाकीवर जाड चादर घालू."

"त्याच्या अंगावर एक घातली, तेवढी पुरे झाली. माझ्या घरात आता कशावरही चादर पडायची नाही."

नफिसाने काढून आणलेली जाड चादर पुन्हा घडी करून आत ठेवून दिली.

गुरुवारी मृताच्या नावाने तेलात पुऱ्या तळल्या, तेव्हा शेजारच्या बायका आल्या. त्यातली एक टाकीपुढे थबकली. "अगं बाई, हिरवं! जन्नतचा रंग आहे हा, ओयदिन. पोरगा चांगल्या जागी पोचला तुझा." या बाईला स्वतःच्या परसातला कांदा धड येत नव्हता, पण जन्नतची खबर होती. ओयदिनने मात्र ते शब्द पदराला गाठ मारून ठेवले. दुसऱ्या दिवशी नफिसाने बादली उचलली तर म्हणाली, "राहू दे. आहे तसं असू दे."

नफिसाने सासरकडून एकच गोष्ट मागितली होती. विधवेच्या शोकाचे चार महिने दहा दिवस सरले की तिचे भाऊ तिला न्यायला येणार होते. मूलबाळ नव्हतं. "हे मासे मी नेऊ का?" असं तिने विचारलं होतं, आणि ओयदिन म्हणाली होती, "चाळिसावा होऊ दे. मग ने, तुझेच आहेत." शब्द दिला होता तो मनापासून.

अडतिसाव्या दिवशी कडाक्याची थंडी पडली आणि संध्याकाळी वीज गेली. ओयदिन तयारीतच होती. तिने लगेच मेणबत्ती लावली. पंपाची बुडबुड थांबली होती. "ओयिजान, पाणी फार दाट आहे, हवा नाही मिळाली तर..." नफिसा बोलायला लागली, तशी ओयदिनने हात वर केला. "आज मी बसते इथे. तू जाऊन झोप." सासूने हात वर केला की मर्गिलानच्या सुना गप्प होतात. नफिसाही झाली.

पहाटे नमाजाला उठली तेव्हा ओयदिनला आवाज आला. चुप, चुप. टाकीतूनच. हिरव्या पाण्यात काही दिसत नव्हतं, फक्त वरचा थर जागोजागी हलत होता. तिचा ऊर भरून आला. तान्हा जसूर अंगावर प्यायचा तेव्हा हाच आवाज यायचा.

"आलास का रे?" ती म्हणाली.

चुप, चुप, चुप.

तो निघून जाईल म्हणून ती जागची हलली नाही, सुनेला हाक मारली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला सुख वाटलं. हळूहळू आवाज विरळ झाला, मग थांबला. पोट भरलं, झोपला, असं म्हणून तिने नमाज पढला.

उजाडल्यावर नफिसा आली. पाचही मासे पोट वर करून तरंगत होते.

"तो आला होता गं," ओयदिन पुटपुटली. "मला वाटलं, तो आला. चुप चुप आवाज करत होता..."

नफिसा माशांकडे बघत म्हणाली, "श्वास घ्यायला वर आले होते ते, ओयिजान. मला उठवायला हवं होतं."

तेवढ्यात वीज आली. दिवा लागला, पंप बुडबुडू लागला आणि मेलेले मासे पाण्यावर डोलायला लागले. नफिसा आत गेली, केव्हाची घडी करून ठेवलेली जाड चादर घेऊन आली आणि तिने ती टाकीवर घातली.

ओयदिनने हात वर केला नाही.