लाल दोऱ्याची वाटी

दर गुरुवारी अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी एवढी गर्दी व्हायची की टांगेवाले सवाऱ्या अलीकडेच उतरवायचे. बाळापुराहून, पातुराहून, थेट चांदूर रेल्वेहून बाया यायच्या. प्रत्येकीच्या कडेवर लेकरू. कोणाच्या गालावर लालभडक चट्टे, कोणाच्या कोपराच्या घडीत ओली खाज, कोणाची छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत असलेली. मंडपात उंच गादीवर दुग्धानंद महाराज बसलेले. समोर पाटावर दोन वाट्या. लाल दोरा बांधलेली आईची, बिनदोऱ्याची महाराजांच्या काळ्या शेळीची.

"देख बेटी," महाराज म्हणायचे, "डॉक्टर सुई टोचतो, आम्ही मुंगीला विचारतो. मुंगीला ना पगार, ना डिग्री. ती कशाला खोटं बोलेल?"

लोक खूश होऊन हसायचे. आई आडोशाला जाऊन दूध पिळून आणायची. तळ ओला होईल एवढं तिचं दूध दोऱ्याच्या वाटीत, तेवढंच शेळीचं दुसऱ्या वाटीत. दोन्हींत एकेक मुंगी सोडायची. मग महाराज डोळे मिटून मंत्र म्हणायचे, तो काही लवकर संपायचा नाही. डोळे उघडायचे तेव्हा शेळीच्या वाटीतली मुंगी काठावर चढलेली असायची आणि आईच्या वाटीतली पाय आखडून मेलेली.

"जहर! आईच लेकराला जहर पाजते!"

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात त्या पाटासमोर मी उभी होते. माझा मुरली तेव्हा पाच महिन्यांचा होता. त्याच्या गालांना खाज होती, रात्री छातीतून शिट्टी वाजायची. मुंगी मेली आणि माझ्या सासूबाई भागीरथाबाईंनी सगळ्या मंडपासमोर कपाळ बडवून घेतलं.

"बाप्पा! तुह्या दुधातच इख हाय, दुर्गे. मंग माहा नातू खाजवन नाही त काय करन!"

महाराजांनी हुकूम सोडला. लेकराला छातीशी घ्यायचं नाही. मठातल्या शेळीचंच दूध पाजायचं, तेही मठातूनच विकत न्यायचं. सकाळ-संध्याकाळ मोहरी, मिरची आणि गुग्गुळाची धुरी द्यायची. आणि पापी आईने मठात भांडी घासून प्रायश्चित्त करायचं.

मुरली सासूबाईंच्या खोलीत गेला. धुरीने तो खोकून खोकून निळा पडायचा. सासूबाई म्हणायच्या, "बाधा निंगून राहिली." शेजारी मामंजी चिलीम ओढत बसलेले. त्यांनाही जन्माचा दमा. मी नवऱ्याकडे पाहिलं. ते कापसाच्या जिनात कारकून होते, मॅट्रिक झालेले होते. म्हणाले, "माय म्हणते तसं कर."

माझी छाती दगडासारखी व्हायची. मी न्हाणीत जाऊन दूध पिळून टाकायची आणि रडायची. पलीकडच्या घरच्या खुर्शीदबीने भिंतीवरून आवाज दिला, "रडती काहून? पिळत राय, रोज पिळत राय. थांबली त आटून जाईन. मंग तुह्या महाराजाच्या बापालेबी वापस आनता येनार नाही."

म्हणून मी पिळत राहिले. पण दिवसेंदिवस धार बारीक होत चालली होती. माझं लेकरू माझ्याकडे परत येण्याआधी दूध आटलं तर, एवढी एकच भीती मला होती.

एका सकाळी न्हाणीच्या फरशीवर मुंग्यांची रांग दिसली. आदल्या दिवशी सांडलेल्या माझ्या दुधावर त्या तुटून पडल्या होत्या. मी उकिडवी बसून पाहत राहिले. खुशाल खात होत्या, परत जात होत्या, दुसऱ्यांना घेऊन येत होत्या. एकही मेली नाही. मी ताजं दूध पिळलं. त्यातूनही त्या चालत गेल्या.

माझं रडणं तिथे थांबलं. त्याच्या जागी जे आलं त्याला राग हा शब्द पुरत नाही.

मठात भांडी घासताना शिष्य पंजाबराव मला बजावायचा, "दोऱ्याची वाटी घासाची नाही. मंतरलेली हाय." त्या दिवशी तो शेळीला चारा टाकायला गेला तेव्हा मी ती वाटी उचलून नाकाशी नेली. कुबट वास. बाळापुरात माझ्या माहेरी कपाशीवर मारायची किडीची पावडर होती, तोच वास. तळाला पांढुरका थर, सहज पाहिलं तर दिसूही नये असा. महाराजांचा मंत्र लांब का असतो तेही समजलं. पावडरीला काम करायला वेळ नको का?

ओरडून सांगितलं असतं तर मलाच बाधा झाली म्हणाले असते. मी तोंड मिटून गुरुवारची वाट पाहिली.

गुरुवारी पंजाबरावाने वाट्या तयार करून ठेवल्या आणि तो गर्दी आवरायला गेला. पाट मांडायचं काम माझं होतं. मी फक्त लाल दोरा सोडला आणि दुसऱ्या वाटीला बांधला.

त्या दिवशी पाटासमोर मैना नावाची कोवळी पोर होती, मांडीवर खाजेने सोलवटलेली लेक. तिचं दूध दोऱ्याच्या वाटीत पडलं, शेळीचं दुसरीत. मुंग्या सोडल्या. महाराजांनी डोळे मिटून मंत्र सुरू केला. मी पहिल्या ओळीत सासूबाईंना खेटून बसले होते.

महाराजांनी डोळे न उघडताच हात वर केला. "देखो! आईची मुंगी..."

"वर चढून राहिली!" मागून कोणी तरी ओरडलं.

महाराजांनी डोळे उघडले. मैनाच्या दुधातली मुंगी काठावरून पाटावर उतरत होती. त्यांच्या लाडक्या शेळीच्या दुधात मुंगी आडवी पडून पाय झाडत होती.

मी उभी राहिले. "महाराज, तुमच्या शेळीले आता कोन्या मठात भांडे घासाले धाडता?"

मंडपात कोणी तरी फसकन हसलं.

"बाधा! या बाईला बाधा आहे!" महाराज किंचाळले.

"असन. मग हे घ्या." मी मैनाच्या दुधाची वाटी उचलली आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकली. दुसरी वाटी त्यांच्या तोंडापुढे धरली. "तुमच्याच शेळीचं अमृत हाय. प्या."

महाराज मागे सरकले.

"प्या ना! आमच्या लेकरायले पाजता, तुमाले काहून चालत नाही?"

बाया उठून उभ्या राहिल्या. महाराजांनी वाटीला हात लावला नाही. त्यात काय आहे ते त्यांना माहीत होतं. सासूबाईंनी वाटी माझ्या हातातून घेतली आणि हुंगली. त्याही शेतकऱ्याच्याच लेक होत्या.

"अरे मुडद्या," त्या हळूच म्हणाल्या, "हे त कपाशीचं औषध."

पुढचं मी सांगत नाही. मंडपाचे बांबू बायांनी उपटले एवढंच सांगते.

त्या संध्याकाळी मुरली माझ्या मांडीवर आला. आधी त्याने तोंड फिरवलं. त्याला माझा वास परका झाला होता. मी तशीच बसून राहिले. मग त्याने चाचपून पाहिलं आणि तोंड लावलं. धार बारीक होती, पण आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टर सत्यवतीबाईंकडे गेलो. त्यांनी सासूबाईंनाच समोर बसवलं.

"आजी, ही खाज आणि ही धाप एकाच घरातली भावंडं आहेत. काही लेकरं ती जन्मतःच घेऊन येतात. घरात कोणाला दमा आहे?"

"ह्याच्या आज्याले."

"मग आईला कशाला धरता? आजोबांकडून आलेलं आपल्याला पुसता येत नाही. पण कोवळ्या छातीत धूर घातला की ते भडकतं. धुरी बंद, चिलीम घराबाहेर. जिनातून आलेल्या माणसाने कपाशीची धूळ झटकून, अंग धुऊनच लेकराला घ्यायचं. आणि आईचं दूध तोडू नका. त्याने दमा होणारच नाही असं वचन मी देत नाही. पण एवढ्या लहान लेकराला त्याच्यासारखं दुसरं काही नाही."

डॉक्टरीणबाई 'मला माहीत नाही' असंही दोनदा म्हणाल्या. महाराजांच्या तोंडून ते एकदाही ऐकलं नव्हतं.

मुरलीची खाज शाळेत जाईपर्यंत गेली. धाप हिवाळ्यात अजूनही लागते, आता तोही आजोबा आहे. चमत्कार झाला नाही. धूर कमी झाला, एवढंच.

दुग्धानंद अकोल्यातून पळाला आणि पुढच्या वर्षी चांदूर रेल्वेला नाव बदलून गादीवर बसल्याचं कानावर आलं. मी मुरलीला कडेवर घेतलं, सासूबाईंना बरोबर घेतलं आणि रेल्वेने गेले. मंडपात पुढे जाऊन बसले आणि त्याच्याकडे नुसती पाहत राहिले. त्याचा मंत्र मध्येच तुटला. मग मी उठले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिथूनही तो गेला. मला अजिबात वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याच्या मंडपातून किती आयांचं दूध आटून गेलं असेल, त्यांच्या वतीने मी त्याला माफ करू शकत नाही.

बायांनो, लेकरू आजारी पडलं की जो पहिल्यांदा आईकडे बोट दाखवतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो जे दाखवतो ते आपल्या घरी, आपल्या भांड्यात करून पाहा. तो नको म्हणाला तर का नको म्हणतो ते चारचौघांत विचारा. आणि लेकराला डॉक्टरकडे न्या, त्याच दिवशी.