काठावरचं नाव

पद्मिनीने मला चार वर्षं पलंगाखाली उपडं ठेवलं. वरून दोन बॅगा, एक मोडका पंखा आणि थंडीच्या रजया. घरात धडधाकट बाई असताना परात उपडी पडून राहते, हे कुठलं वळण? सासूने तिच्या हाती मला दिलं ते पलंगाखालची धूळ झेलायला नव्हे.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी परात आहे. जुनी म्हणा, पण भंगार म्हणू नका. माझी शाळा झालेली नाही. मला येतात ती फक्त माझ्या काठावर कोरलेली अक्षरं. आज सांगायचं आहे ते त्यांच्याचविषयी.

चिपळूणच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. १९६४ साली तुळसाबाईच्या लग्नात तिच्या मामाने मला विकत घेतलं आणि दुकानातच टिंबाटिंबांनी नाव घालून घेतलं: सौ. तुळसाबाई बाळाराम साळवी. तुळसाबाईने शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. भाकरीचं पीठ मळून झालं की ती ओलं बोट त्या टिंबांवरून फिरवायची. रोज फिरवायची. एक दिवस तिने चुलीपुढच्या राखेत आपलं नाव काढलं, आणि त्यानंतर तिने कुठल्याही कागदावर अंगठा उठवला नाही. अख्ख्या वाडीत सही करणारी तेव्हा ती एकटी बाई. ही घमेंड मी अजून सोडलेली नाही, आणि सोडणारही नाही.

तिचा मुलगा उमाकांत रियाधला एका बँकेत कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला. दोन हजार एक साली सून पद्मिनी त्याच्याकडे निघाली. देवीची मूर्ती आणू नकोस, विमानतळावर काढून घेतील, असं उमाकांतने फोनवर बजावलं होतं. तुळसाबाई म्हणाली, परातीला कोण अडवतंय, नवरात्रात हिच्यातच माती घालून घट बसव. आणि तिने मला स्वतःच्या लुगड्यात गुंडाळून बॅगेत घातलं.

बँकेने घर दिलं होतं ते उंच भिंतीआडच्या वसाहतीत. सगळे तिला कंपाउंड म्हणत. आमचा देव्हारा म्हणजे देवीचा एक फोटो, स्वयंपाकघरातल्या कपाटात, चहासाखरेच्या डब्यांमागे. आरती पुटपुटायची आणि कपाटाचं दार लावायचं. मी त्याच कपाटात खालच्या फळीवर.

शेजारी मोरीन नावाची आयर्लंडची नर्स राहायची. पन्नाशीची, एकटी, मोठ्याने हसणारी. पद्मिनीची आसावरी अपुऱ्या दिवसांची जन्मली तेव्हा काचेच्या पेटीतल्या त्या मूठभर जिवाला मोरीननेच सांभाळलं होतं. तेव्हापासून दोघींचं येणंजाणं. अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी, उरलेलं हातवारे.

ही मोरीन देवी मानायची. तिच्या मुलखात अशा बायका आता बऱ्याच झाल्या आहेत म्हणे, विसरलेल्या देवीला पुन्हा पुजणाऱ्या. मूर्ती नाही, भटजी नाही. चंद्र हाच देवीचा चेहरा. वाढती कोर म्हणजे कुमारी, पुनवेचा चंद्र म्हणजे आई आणि उतरती कोर म्हणजे म्हातारी. तिघींत म्हातारी सगळ्यात शहाणी. हे ऐकलं आणि ती बाई मला पटली. आमच्याकडे म्हातारीला शहाणपण विचारत नाहीत, औषध घेतलंस का ते विचारतात.

चंद्र उतरवायला मोरीनला पसरट भांडं हवं होतं. तिच्याकडे होता प्लास्टिकचा टब. पद्मिनीने मला पुढे केलं. मग दर पुनवेला, सूर्य मावळल्यावरची मगरिबची अजान झाली की दोघी गच्चीवर यायच्या. पाण्याच्या टाक्यांच्या मध्ये मला मांडायच्या, काठोकाठ पाणी भरायच्या आणि गप्प बसायच्या. भिंतीवरून चंद्र वर आला की थोड्या वेळाने माझ्यात उतरायचा. पद्मिनी तिच्या देवीचं नाव घ्यायची, मोरीन तिच्या. आसावरी बोट घालून चंद्र मोडायची आणि मोरीन तो पुन्हा जुळेपर्यंत आकडे मोजायला शिकवायची. ते पाणी सकाळी तुपाच्या डब्यात लावलेल्या तुळशीला. चाळीस वर्षं मी पीठच पाहिलं होतं. आभाळ मला त्या दोघींनी दाखवलं.

समोरच्या इमारतीतली अर्चना हे खिडकीतून बघायची. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तेच तिचं दुखणं. दोन हजार पाच साली एका पुनवेला तिने कंपाउंडच्या ऑफिसात सांगितलं, की गोरी बाई गच्चीवर पाण्यात बघून जादू करते. त्या मुलखात जादू हा शब्द थट्टेत घेत नाहीत. कंपाउंडचे मॅनेजर इस्मतभाई वर आले तेव्हा पद्मिनी आसावरीला भरवायला खाली गेली होती. गच्चीवर मोरीन होती आणि मी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्मतभाईंच्या टेबलावर. त्यांनी सगळ्या शेजाऱ्यांना एकेक करून बोलावलं होतं. जिन्यात उमाकांतने पद्मिनीला दम दिला, की इकामा, इथे राहायचा परवाना, बँकेच्या हातात आहे, एक शब्द जास्त गेला तर नोकरी, घर, पोरीचं औषध, सगळं खलास.

इस्मतभाई लाहोरकडचे, सभ्य माणूस. त्यांना प्रकरण वाढवायचं नव्हतं. त्यांनी माझ्या काठावरच्या टिंबांवरून बोट फिरवलं, अगदी तुळसाबाई फिरवायची तसंच. त्यांना अक्षरं उर्दूची येत होती, ही येत नव्हती.

"बहनजी, ये आप लोगों की लिखाई लगती है," ते पद्मिनीला म्हणाले. "मंतर है या किसी का नाम? नाम हो तो बोल दीजिए, मैं बात यहीं ख़त्म करता हूँ."

मित्रांनो, तीन शब्द वाचायचे होते. स्वतःच्या सासूचं नाव. मोरीन तिथेच उभी होती.

"मेरे को नहीं मालूम," पद्मिनी म्हणाली. "ये हमारा नहीं है."

मोरीनने तिच्याकडे पाहिलं. परात हिची आहे, एवढं म्हणाली असती तरी ती सुटली असती. तिने माझ्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की परात माझीच, जुन्या बाजारातून घेतली, वरचं काय ते नक्षी म्हणून आवडलं.

गोष्ट तिच्या रुग्णालयापर्यंत गेली. पंधरा दिवसांत तिला देश सोडायला सांगितलं. ज्या सकाळी ती निघाली त्या दिवशी अवस होती. तिने मला लिंबाने लख्ख घासून आमच्या मागच्या दाराशी ठेवलं, आत तिच्या गावच्या पत्त्याची चिठ्ठी. दोनदा बेल वाजवली. दाराच्या आतल्या बाजूला पद्मिनी उभी होती. आसावरीने हाक मारू नये म्हणून तिच्या तोंडावर हात धरून उभी होती. गाडी गेल्यावर दार उघडलं. चिठ्ठी तिने देव्हाऱ्यातल्या फोटोमागे खोचली. फाडली नाही आणि पत्रही लिहिलं नाही. मला पलंगाखाली सारलं.

दर नवरात्रात तुळसाबाईचा फोन यायचा, परात काढलीस का गं. पद्मिनी सांगायची, हो आई, काढली. तिसऱ्या वर्षी फोन आला तो तुळसाबाई गेल्याचा. पद्मिनी माझ्यावरच्याच पलंगावर पडून रडली. मी खालून ऐकत होते. मला बाहेर काढून नावावरून एक बोट फिरवावं, हे काही तिला सुचलं नाही.

आता दोन हजार नऊ. उमाकांतची नोकरी संपली, घर गुंडाळणं चालू आहे. आज दुपारी सात वर्षांच्या आसावरीने मला ओढून बाहेर काढलं. मी काळीहिरवी झालेली. कंपाउंडच्या पोरांत अजून एक गोष्ट चालते, की गोऱ्या चेटकिणीच्या परातीवर असा मंतर होता जो कुणालाच वाचता आला नाही. आसावरीने फ्रॉकने माझा काठ पुसला आणि शाळेत हिंदी वाचते तसं एकेक अक्षर जोडलं.

"मम्मा, ये तो आजी का नाम है. इतना तो कोई भी पढ़ लेता."

पद्मिनीने मला उचलून मागच्या नळाखाली नेलं, चिंच घेतली आणि घासत सुटली. तुमच्याही घरात अशी नाव घातलेली भांडी असतील, मित्रांनो. ती मोडीत काढण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. आणि भरल्या धारेखाली पितळ बोलतं की नाही, ते घासणाऱ्या बाईला विचारा. मी बोलले.

"पद्मिनी, पुरे कर. माझा कळंक चिंचेने जाईल, तुझा जायचा नाही. ऑफिसात घाबरलीस, ते मी सोडून दिलं, पोटापुढे भलेभले वाकतात. पण दोनदा बेल वाजली तेव्हा तिथे ना इस्मतभाई होते, ना तुझा नवरा. नुसतं एक दार होतं, आणि कडी तुझ्या बाजूला होती. ते मी सोडणार नाही. ऊठ, हात पूस. फोटोमागची चिठ्ठी काढ आणि तिला लिही, की परात माझ्या सासूची आहे."