हर्नियाचा पट्टा आणि मच्छिंद्रचा संशय

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. विजारीवर मिरवतात तसला नाही, तिच्या आत लपवतात तसला. जांघेजवळ पोटाचा पडदा फाटून आतडे बाहेर डोकावू लागलं की त्या फुगवट्याला हर्निया म्हणतात. तो दाबून धरण्यासाठी माझा जन्म झाला. पुण्यातल्याच एका लहान कारखान्यात एका बाईने मशीनवर मला शिवले, माझ्यात कापसाची घट्ट गादी भरली आणि खोक्यात घातले.

स्वारगेटजवळच्या औषधाच्या दुकानात मी बरेच दिवस पडून होतो. संगणकाच्या क्लासच्या पाट्या तेव्हा चौकाचौकात लागत होत्या. एके दिवशी मच्छिंद्र आला. मार्केट यार्डात तो पोती वाहायचा.

"कोणासाठी हवाय?" दुकानदाराने विचारले.

"भावासाठी," मच्छिंद्र म्हणाला.

"मग भावाच्या कमरेचं माप सांगा."

मच्छिंद्रने स्वतःच्या कमरेला हात लावून पाहिला. दुकानदाराने त्याच मापाचे खोके काढले, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. खोक्यातून निघालो तेव्हाच मला कळले, या माणसाच्या खोट्यात मला लपून राहावे लागणार.

मच्छिंद्रचे एक ऑपरेशन झाले होते. गावाकडच्या तालुक्याला मोफत ऑपरेशनचे शिबिर भरले होते, तिथे त्याचा हर्निया शिवून टाकला होता. वर्ष सरायच्या आत त्याच जागी पुन्हा गाठ आली. त्याने ते फक्त जयसिंगला सांगितले. जयसिंग त्याच्याबरोबर गाड्या रिकाम्या करायचा.

"पडदा परत फाटू नये म्हनून आत जाळी टाकावी लागती," जयसिंग म्हणाला. "तुला टाकलीच नसंल. फुकटात कोन टाकतंय?"

ते वाक्य मच्छिंद्रच्या मनात रुतून बसले. त्या दिवसापासून त्याला पांढरा कोट दिसला तरी संशय यायचा. दवाखान्यात जायचे नाही, घरी सांगायचे नाही, मला आवळून बांधायचे आणि पोते पाठीवर घ्यायचे, असे त्याने ठरवून टाकले.

मी इमानाने काम केले, मित्रांनो. तो खाली वाकला की मी गाठ दाबून धरायचो. मिरचीच्या गाळ्यात त्याला खोकल्याची उबळ आली की आतून जोराचा धक्का बसायचा आणि माझी शिवण करकरायची. तरी यार्डात त्याचे कौतुक व्हायचे. बघा, या वयातही कसा उचलतो! ते कौतुक ऐकून तो आणखी एक पोते घ्यायचा. मला त्या कौतुकाचीही भीती वाटू लागली.

घामाने माझ्याखाली त्याची कातडी सोलवटायची. म्हणून तो तिथे पावडर लावू लागला. तिथेच घोटाळा झाला. त्यांचे घर वारज्याला होते, दोन खोल्यांचे. त्याची बायको बायडाबाई शेजारच्या नव्या इमारतींत पोळ्या करायला जायची. तिच्या नाकाला वास लागला.

"हमालाला पावडर कशाला लागती?" तिने विचारले.

"घाम येतो."

"घाम काय आत्ता याया लागला का?"

तो कपडे बदलताना कडी लावायचा, तेही तिने हेरले होते. ती रोज त्याच्या शर्टाचा वास घ्यायची. तिला काय वाटत असेल हे मला कळत होते. पण मला तोंड नव्हते, आणि ज्याला होते तो गप्प होता.

मग एका दुपारी यार्डात बटाट्याचे पोते उचलताना गाठ बाहेर आली ती आत जाईना. दगडासारखी कडक झाली. मच्छिंद्र कसाबसा घरी पोचला आणि मोरीत ओकू लागला. बायडाबाईने त्याला आडवे केले, कपडे सैल केले आणि मी तिच्या हाती लागलो.

तिने मला उलटेसुलटे करून पाहिले. गादीवर पावडर चिकटली होती.

"ह्याच्यासाठी पावडर? आन् मी काय काय मनात आनलं."

"दवाखान्यात न्यायचं न्हाय," तो दात आवळून म्हणाला. "परत फसवतील."

"तुमी आधी मला फसवलंय. आता गप रिक्षात बसा."

मला तिने पिशवीत कोंबले. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने तपासले. आतडे अडकले आहे, आजच ऑपरेशन करायला हवे, असे तिने सांगितले.

"मागच्या येळी जाळी टाकलीच न्हाय त्यांनी," मच्छिंद्र म्हणाला.

"नसेलही टाकली. नुसते टाके घालूनही करतात. मी तिथे नव्हते, त्यामुळे फसवलं की नाही ते मी सांगू शकत नाही. नंतर पोती कधी उचलायला लागलात?"

"टाके काढले आन् लगीच," बायडाबाई म्हणाली. "खोकला तर कायमचाच."

"उचलू नको आसं कुनी सांगितलंच न्हाय," तो म्हणाला.

"मग मी सांगते," डॉक्टरीण म्हणाली. ओझे किती दिवस उचलायचे नाही, खोकला का बरा करायचा, जाळी कशासाठी असते, ते तिने हळूहळू सांगितले आणि त्याच्याकडून वदवून घेतले. शेवटी तो म्हणाला, "आत टाकायच्या आधी जाळी मला दावा." नर्स हसली. डॉक्टरीण हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तो खाटेवरून बायकोला सांगत होता. "पाठीत सुई दिली, म्या जागाच हुतो. दावली तिनं. मच्छरदानीवानी दिसती."

"पन टाकली का खरंच?"

"मधी पडदा धरला हुता. टाकताना दिसलं न्हाय." त्याने जांघेवरच्या पट्टीला हलकेच हात लावून पाहिला. "टाकली आसंल. तिनं दावली ना."

आता मच्छिंद्र एका संगणक कंपनीच्या फाटकावर खुर्चीत बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्या तपासतो. ते काम त्याच्या स्वभावाला मानवले आहे. खोकला आला की त्याचा हात अजून जांघेकडे जातो. बायडाबाई लगेच विचारते, "काय झालं?" मग तो हात बाजूला घेतो आणि म्हणतो, "ये, बघ."

मी आता माळ्यावर पडून असतो. माझे रबर सैल झाले आहे आणि त्याचे मला दुःख नाही. पण माझ्यासारखे पट्टे दुकानांत अजून खपतात, आणि ते 'भावासाठी'च खपतात. मित्रांनो, मी गाठ दाबू शकतो, बरी करू शकत नाही. तुमच्या घरात कोणी कडी लावून कपडे बदलू लागले, उठताना पोटाशी हात धरू लागले, तर जवळ बसून विचारा. आणि तो 'काही नाही' म्हणाला, तर त्याच्यावर मुळीच विश्वास ठेवू नका.